नेरेओ कोणाचा

याकिमा खोरं,
वॉशिंग्टन राज्य, १४ नोव्हेंबर

प्रिय कोमाद्रे ओब्दुलिया,

देवाच्या दयेने आम्ही तिघंही इथे बरी आहोत, तूही तिकडे बरी असशील अशी आशा करते. तुझे गुडघे कसे आहेत? इथे डोंगरांवर बर्फ दिसायला लागलं. सफरचंदांची तोडणी संपली, शेडमध्ये आता फक्त थंड कोठ्यांतला माल निवडायचा. आबुंदिओचा खोकला जुनाच आहे आणि माझ्या या नवऱ्याचा औषध न घेण्याचा हट्टही जुनाच.

हे पत्र म्हाताऱ्या एवेलिओच्या हाती देते आहे. तो या वर्षी नाताळाच्या बराच आधी मेक्सिकोला, आपल्या मिचोआकानला निघाला. ट्रकमध्ये आधी फ्रीज, मग शिलाई मशीन आणि उरलेल्या जागेत बायको, असं त्याचं ठरलं आहे. गेल्या वर्षीही मी त्याच्याकडे पत्र दिलं होतं. 'तिने घेतलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं, उघडलं नाही,' असं त्याने येऊन सांगितलं. या वेळी मी त्याला बजावलं आहे, तू वाचेपर्यंत दारातून हलायचं नाही. तेव्हा त्या म्हाताऱ्याच्या कमरेची दया येऊन तरी वाच.

आणखी काय सांगू? तुमच्या घरात आता ओआहाकाकडची माणसं राहतात. तू लावलेल्या मिरच्या त्यांनी ठेवल्या आहेत. कालव्याला या वर्षी कुंपण घातलं. तुला कळवावं असं वाटलं.

आमच्या यारेत्सीचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. माझ्याहून हातभर उंच झाली आणि तेवढीच उद्धट. दर शनिवारी चर्चच्या तळघरात एक वर्ग भरतो, कॉलेजात जायची तयारी करून घेणारा. मिस आर्से म्हणून एक तरुण बाई घेतात. त्या लॉस एंजेलिसच्या. गेल्या वर्षीच इकडे आल्या, त्यामुळे जुनं त्यांना काही ठाऊक नाही. पण आईबाप आपल्यासारखेच तोडणीचे, म्हणून त्यांना आपली पोरं बरोबर कळतात. मला वाटायचं तयारी म्हणजे अभ्यास. अभ्यास तर आहेच, पण खरं कठीण काम म्हणजे स्वतःबद्दल चांगलं बोलणं. आपली पोरं बढाई मारत नाहीत, कारण ती खोड आपणच लहानपणी चापटी देऊन मोडलेली. आता तीच पोरांना शिकवायची!

मुलाखतीचा सराव चालतो तेव्हा आम्ही आया मागे बसतो. मिस आर्से विचारतात, "सुट्टीत काय केलंस?"

यारेत्सी म्हणते, "आम्ही चेरी तोडल्या."

"आम्ही कोण? तू काय केलंस ते सांग."

"मी त्यांच्याबरोबर होते."

मिस आर्से कपाळाला हात लावतात. पहिल्या शनिवारी मला राहवलं नाही, मीच मागून ओरडले, "सगळ्यांत जास्त बादल्या हिने भरल्या हो!" त्यांनी मला उठवून खायला तामाले वाटायच्या टेबलाशी नेऊन बसवलं. तेव्हापासून माझी जागा तीच.

मग निबंध आला. कॉलेजवाल्यांना प्रत्येक मुलाने एक निबंध पाठवायचा असतो. तुमच्यावर काय ओढवलं, त्यातून तुम्ही काय शिकलात. त्या शनिवारी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती, कोणाचं दुःख मोठं भरतं ते. शेडमधल्या कुकाचा धाकटा माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, "डोन्या डोमी, बाप सोडून गेला पण परत आला, तर चालतं का?" मी म्हटलं, "तामाल खा." हसले मी.

यारेत्सीला काही सुचेना. मिस आर्सेंनी तिला सांगितलं, डोळे मीट, जो दिसेल त्याच्यावर लिही. आणि तिने लिहिलं. कोणावर ते तुला कळलं असेल. तू हे पत्र इथेच घडी घालून ठेवलंस तरी मी समजेन. पण एवेलिओ दारात उभा आहे हे विसरू नकोस.

तिने मला स्वयंपाकघरात आपल्या भाषेत वाचून दाखवलं. ती आणि नेरेओ शाळेच्या बसमध्ये एकाच बाकावर बसायची ते आहे. मी मोलेचा रस्सा केला की वासावर तो आमच्या दारात यायचा ते आहे. ऑगस्टमधला कालव्यावरचा तो दिवस आहे, थोडक्यात. शेवटी लिहिलं आहे की नेरेओला इंजिनिअर व्हायचं होतं आणि आता त्याच्या वाटचं तिला शिकायचं आहे. मी म्हटलं, "इंजिनिअर? कधी म्हणाला तो?"

"एकदा पूल बघून म्हणाला होता, भारी आहे."

"बस, एवढंच?"

"आई, त्यांना तसं लागतं," ती म्हणाली. मी इंजिनिअर राहू दिला. एक मोठी शिष्यवृत्ती आहे, ओब्दुलिया. ती मिळाली तर पूर्वेकडच्या चांगल्या कॉलेजात चार वर्षं राहणं, जेवणं, शिकणं, सगळं त्यांच्याकडे. नाही मिळाली तर शेडमध्ये माझ्या शेजारच्या सरकत्या पट्ट्यावर एक जागा रिकामी आहेच. मुकादम मला आताच विचारतो, पोरगी कधी येणार म्हणून.

आता एक गोष्ट अशी, जी मी गेल्या वर्षीच्या पत्रात लिहिली होती, पण ते पत्र तुझ्या पिठाच्या डब्याखाली आहे. दोन वर्षांपूर्वी नाताळाच्या सुमारास जाताना तू माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, "माझ्या पोराला मेलेल्यांच्यात मांडू नकोस." मिठीही मारली नाहीस. मी हो म्हणून मान हलवली होती. तरी मी वेदीवर त्याचा फोटो मांडला. गेल्या वर्षीही आणि यंदाही. माझी आई, आबुंदिओचे वडील आणि मधे नेरेओ, आमच्या अंगणात कोंबडी डोक्यावर धरून हसतोय तो फोटो. झेंडू घातला, पाव ठेवला, त्याच्या आवडीच्या त्या लालभडक तिखट चिप्स ठेवल्या, नारिंगी सोडा ठेवला. त्याचा रस्ता चुकू नये, ओब्दुलिया. तू इथे नाहीस. तिकडेही मांडत नसणार. मग दोन नोव्हेंबरला, मेलेली माणसं घरी जेवायला येतात त्या दिवशी, ते पोर जाणार कोणाच्या दारी? बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्याच्या कुंडावर मी त्याला हातांत धरलं होतं. पाद्र्याने विचारलं, याची हमी कोण घेतं, तेव्हा त्याची मद्रिना, म्हणजे धर्ममाता, म्हणून मी हो म्हटलं होतं; तेव्हापासून आपण दोघी कोमाद्रे. मला तेवढंच सुचलं.

त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीकडून एक बाई घरी आल्या. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलांच्या घरी जाऊन त्या बघतात, माणसं कशी आहेत, पोरगी खरं लिहिते की नाही. मिसेस हॅलोरन. साठीच्या, पुस्तकातून शिकलेलं स्पॅनिश, एकेक शब्द जपून ठेवतात. मी घर घासून काढलं. आबुंदिओने चर्चची टोपी घातली आणि मग घरात टोपी कशी घालायची म्हणून काढून मांडीवर घेतली. वेदी अजून उतरवली नव्हती. यारेत्सी स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाचं गरम आतोले ढवळत होती.

त्या बाई वेदीपाशी गेल्या. फोटोकडे बघत राहिल्या. मग छातीवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या मुलाबद्दल मला फार वाईट वाटतं."

मी म्हटलं, "आभारी आहे."

एवढंच. आबुंदिओने मान वर केली आणि परत टोपीत घातली. बाईंनी माझे हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग माझ्याही आलं. ते खोटं नव्हतं, ओब्दुलिया. तुझ्या गळ्याची शपथ, ते खोटं नव्हतं. यारेत्सी कप घेऊन बाहेर आली तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसत होतो आणि तिला वाटलं, दालचिनी जास्त झाली.

मी का बोलले ते मला अजून धड कळलेलं नाही. पोरीसाठी, असं मी आबुंदिओला सांगितलं. पण ज्या क्षणी बोलले त्या क्षणी पोरगी मनात नव्हती. मनात तुमचं घर होतं, ते अंत्यविधीचे दिवस. लोक रांगेने येत होते आणि तुझ्या गळ्यात पडत होते. ते तसंच व्हायला हवं होतं. मी चुलीपाशी होते. बीन्स, भात, कॉफी, परत बीन्स. माझ्यापाशी जो यायचा तो विचारायचा, "डोमी, ताटं कुठे ठेवलीत?" कोणीही मला म्हणालं नाही की तुझा नेरेओ गेला, वाईट झालं. म्हणायचं कारणही नव्हतं. मी कोण? या बाईने म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

दोन दिवसांनी यारेत्सीला त्यांची ईमेल आली. तुझ्या भावाला तू तुझ्या घरात जपलं आहेस, वगैरे. पोरगी फोन घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"आई, तू काय सांगितलंस तिला?"

"मी काही सांगितलं नाही. तिनेच तसा समज करून घेतला."

"आणि तू नाही म्हणाली नाहीस."

"यारे, तुम्ही दोघं कधी वेगळी होतात?"

"तो माझा भाऊ नव्हता, आई. तो नेरेओ होता! बसमध्ये माझी गणितं उतरवायचा तो नेरेओ. मी निबंधात भाऊ कुठेही लिहिलं नाही. आता मला ती जागा मिळाली तर माझ्याकडे नसलेला भाऊ मेला म्हणून मिळेल."

तिचं म्हणणं आहे, मी त्या बाईंना खरं सांगावं, नाहीतर ती सांगेल. डिसेंबरच्या सुरुवातीला निवड झालेल्यांची यादी लागते. मी तिला थांबवून धरलं आहे. म्हटलं, आधी ओब्दुलियाला विचारू दे, तिचा मुलगा आहे. ती म्हणते, "ती उत्तर देणार नाही." मी म्हणते, देईल.

पण खरं सांगायचं तर मी तुला परवानगी विचारत नाहीये. मला ठाऊक आहे मी काय मागते आहे. लिहायला हात धजत नव्हता म्हणून तुला मिरच्या आणि आबुंदिओचा खोकला सांगत बसले. यादी लागेपर्यंत तुझा मुलगा माझा राहू दे. एकदा 'असू दे, डोमी' एवढं म्हण. मग पोरगी तिकडे पोचली की मी स्वतः सगळ्यांना सांगेन.

आता लिहून झालं. वाचून मला काय म्हणायचं ते म्हण, पण म्हण.

नेरेओची मद्रिना,
डोमितिला

*

याकिमा खोरं,
९ डिसेंबर

प्रिय ओब्दुलिया,

एवेलिओने फोनवर सांगितलं की तू त्याच्यासमोर वाचलंस, त्याला कॉफी दिलीस आणि काही बोलली नाहीस. कॉफी दिलीस हे बरं केलंस. हे पत्र त्याचा मेहुणा घेऊन येतो आहे. यात मागणं काही नाही, घाबरू नकोस.

मी सांगून टाकलं. तुझ्या उत्तराची वाट बघायची होती, पण आधीच सगळं हाताबाहेर गेलं. झालं असं की मिसेस हॅलोरननी मिस आर्सेंना सांगितलं, त्या घरातली आई किती धीराची आहे. मिस आर्सेंनी ते खरं मानून मनाला लावून घेतलं. पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर त्या म्हणाल्या, आज आपण सगळ्या मिळून माळ घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणू, आपल्यातल्या एकीसाठी. आम्ही सगळ्या आया गोल बसलो, पोरं मागे उभी. मला वाटलं कोणाचं तरी आजारपण असेल. आणि मिस आर्सेंनी मोठ्याने म्हटलं, "नेरेओसाठी, डोमितिलाच्या मुलासाठी."

सगळ्यांनी ते परत म्हटलं. नव्या बायका आहेत त्या बऱ्याचशा, त्यांना कुठून ठाऊक असणार? जुन्यांपैकी एकटी डोन्या पास तिथे होती. ती तुला ओळखते, नेरेओला तिने शेवटचे कपडे घातले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती वाट बघत होती.

घरी एका बाईसमोर 'आभारी आहे' म्हणणं वेगळं होतं. तिथे तर तुझं नाव हवं त्या जागी माझं नाव घेऊन इतकी माणसं देवापुढे बोलत होती. मी तुझ्याकडून मुलगा थोडे दिवस मागितला होता. तिथे मला दिसलं की असं मागता येत नाही. मी तो घेतला की तू त्याची कोणीच उरत नाहीस.

मी उभी राहिले. म्हटलं, "थांबा. नेरेओ माझा मुलगा नाही. तो ओब्दुलिया बाराहोनाचा मुलगा. मी त्याची मद्रिना. त्या बाईंचा गैरसमज मी तसाच राहू दिला." एवढं बोलले आणि खाली बसले. मग डोन्या पासने माळ उचलली आणि आपल्या त्या फुटक्या आवाजात सुरू केलं, "नेरेओसाठी, ओब्दुलियाच्या मुलासाठी." आणि सगळ्यांनी म्हटलं. मिस आर्सेंनीसुद्धा. तुला हे कळावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

नंतर मिस आर्सेंनी फोन लावून माझ्या हातात दिला. मिसेस हॅलोरन ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "सांगितलंत ते चांगलं केलंत. मला हे समितीला कळवावं लागेल." मी सांगितलं, निबंधात पोरीने भाऊ म्हटलेलं नाही, खोटं माझं आहे. त्या म्हणाल्या, तेही कळवीन.

यादी लागली. यारेत्सीचं नाव नाही. त्यामुळेच नाही की नाहीतरी नसतं, ते कोणी सांगत नाही. पोरं हजारोंनी असतात म्हणे. पोरीने संगणक बंद केला, जेवली नाही, दार लावून घेतलं. मी दाराबाहेर बसून राहिले. बऱ्याच वेळाने आतून म्हणाली, "आई, फरशी गार आहे, उठ तिथून." मी तेवढ्यावर समाधान मानलं.

आता दुसरी कॉलेजं आहेत, जवळचीही आहेत, मदत थोडी कमी मिळेल. त्यांना एक जानेवारीच्या आत निबंध पाठवायचा. तो जुना निबंध ती पाठवणार नाही म्हणते. नवा लिहायला बसते आणि कागद कोराच राहतो. मिस आर्से म्हणाल्या, शेडवर लिही, उन्हाळ्यावर लिही. ती म्हणाली, "बादल्यांवर काय लिहू? भरल्या." काल मला म्हणाली, "आई, नेरेओला सोडलं तर माझ्यापाशी सांगायला काय आहे? आणि नेरेओ तर माझा नाही." हे मीच तिला ऐकवलं ना, भर तळघरात.

वेदी मी उतरवली. फोटो खणात आहे, पालथा नाही ठेवलेला. तू म्हणालीस तर पुढच्या वर्षी मांडणार नाही.

तुझी,
डोमी

*

ला नोपालेरा,
२१ डिसेंबर

डोमितिला,

एवेलिओचा पुतण्या या पत्राचा फोनवर फोटो काढून पाठवणार आहे, म्हणजे पोरीच्या तारखेच्या आत पोचेल. कागद मागाहून येईल. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, चष्मा लाव.

मला राग आला. पहिलं पत्र वाचून आला. एवेलिओ नसता तर चुलीत घातलं असतं. तुला सांगितलं होतं, मांडू नकोस, आणि तू मांडलंस. वर माझा मुलगा मागतेस, जसं कोणी साखर मागावी. तो राग मी पंधरा दिवस सांभाळला. बरं वाटत होतं त्याने. उत्तर द्यायचं नाही हे ठरलं होतं.

मग दुसरं आलं. तळघराचं वाचताना मी उभी होते, ती उभीच राहिले. तव्यावरची पोळी जळली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

आता माझं ऐक. मी इथे बस थांब्यापाशी चीज भरलेल्या पोळ्या, केसादिया विकते. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारतात, मुलं किती? मी म्हणते, नाहीत. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वाटलं, पुढचे प्रश्न टळले. मग सवय झाली. इथल्या शेजारणीला वाटतं मी वांझ आहे, माझ्यासाठी ती नवस बोलते. तू एका बाईसमोर म्हणालीस की तो तुझा. मी दोन वर्षं रोज सांगते आहे की तो नाहीच. आता तूच ठरव, कोण मोठी खोटारडी.

मेलेल्यांच्यात मांडू नको म्हणाले ते यासाठी की मांडला तर तो गेला. आणि न मांडताही तो गेलाच. कुठे तरी पोरगा जाणार होताच दोन तारखेला. तुझ्या दारी गेला हे बरं झालं. त्याला तुझ्या घरचा रस्ता तसाही डोळे मिटून यायचा, जेवायला.

निबंधाबद्दल. यारेत्सीला सांग, इंजिनिअर काढ. त्याला इंजिनिअर कसलं व्हायचं होतं! त्याला ट्रकला खालून निळे दिवे लावायचे होते. तो आळशी होता. गणित उतरवायचा आणि तेही चुकीचं उतरवायचा. कुत्र्यांना घाबरायचा, तिला पुढे घालून मागून चालायचा. पैजेवर मिरच्यांच्या लोणच्याची अख्खी बरणी खाऊन माझ्या पांढऱ्या चादरीत रात्रभर लोळला होता. त्याला पोहता येत नव्हतं, तो म्हणायचा येतं. हेही लिही म्हणावं. माझं पोर कोणाला काही शिकवायला मेलं नाही, डोमितिला. ते उकडत होतं म्हणून पाण्यात गेलं. त्यातून काय शिकलात म्हणून कोणी विचारलं तर तिने सांगावं, काही नाही, फक्त बसमधली शेजारची जागा रिकामी झाली. ते तिचं आहे. ती जागा माझी नव्हती, तिची होती. त्यावर तिने लिहावं, कोणाला विचारायची गरज नाही. एवढ्यावर ते घेतात तर घेऊ देत, नाही तर नाही. पण नाव पूर्ण घालावं, नेरेओ बाराहोना, आणि खाली आईचं नाव.

तिची ती मोठी जागा माझ्या नावापायी गेली हे मला कळलं. त्याची भरपाई माझ्यापाशी नाही. ती जिथे जाईल तिथे थंडी असेल तर मी तिला ब्लँकेट विणून पाठवीन. गुडघे दुखतात, हात चालतात.

मी तिथून निघाले तेव्हा त्याचा एकही फोटो आणला नाही. तो कोंबडीवाला मला पाठव. तुझ्याकडे ठेवायचा असेल तर दुसरा काढून घे. पुढच्या नोव्हेंबरात तिकडे तू मांड, इकडे मी मांडते. त्याला कुठे जेवायचं ते तो बघून घेईल.

काल पुन्हा एकीने विचारलं. बसला वेळ होता. मी म्हटलं, एक मुलगा. ती म्हणाली, कुठे असतो? मी म्हटलं, वॉशिंग्टनमध्ये पुरला आहे. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, मला फार वाईट वाटतं. मी म्हटलं, आभारी आहे. हे दोन शब्द किती जड असतात ते मला काल कळलं. तुला तर ते माझ्या आधी उचलावे लागले.

त्या अमेरिकन बाईंनी तुला जे म्हटलं ते परत करू नकोस. अर्धं तू ठेव, अर्धं मला पोचलं असं समज. त्या दिवशी चुलीपाशी येऊन मी तुला म्हणायला हवं होतं. माझ्या गळ्यात इतकी माणसं होती की तू मला दिसलीच नाहीस. आता म्हणते. डोमी, तुझा नेरेओ गेला, फार वाईट झालं.

नेरेओची आई,
ओब्दुलिया